बारातले आठ

फ्लोरिडात खुन्याला मृत्युदंड द्यायचा तर ज्यूरीतल्या किती जणांनी हो म्हणायला हवं, याचं उत्तर तुम्ही कोणत्या साली विचारता यावर अवलंबून आहे. 2016 उजाडलं तेव्हा सात-पाच चालत होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये दहा-दोन झालं. 2017 मध्ये बाराच्या बारा हवे झाले. आणि 20 एप्रिल 2023 पासून आठ पुरतात. चौघे नाही म्हणाले तरी चालतं. अमेरिकेत जिथे म्हणून मृत्युदंड आहे तिथे इतका खालचा आकडा दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाही. शेजारच्या अलाबामातसुद्धा दहा लागतात, आणि बाकी बहुतेक ठिकाणी एकमत.

मी टँपाजवळ राहते. फार्मसीत काम करते. कायद्याशी माझा संबंध कोर्टातून येणाऱ्या समन्सापुरता. इथे ज्यूरीसाठीची नावं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून उचलतात, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांनाही समन्स येतं आणि त्यांना ‘मी नागरिक नाही’ अशा चौकोनात खूण करून ते परत पाठवावं लागतं. मलाही तसं आलं होतं. नागरिकत्व घेतल्यावर ती पळवाट संपली, आणि तेव्हापासून या आकड्यांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. कारण उद्या त्या बारांत मी असू शकते.

आधी रीत सांगते, कारण आपल्याकडे ती फारशी माहीत नसते. फर्स्ट-डिग्री मर्डर, म्हणजे ढोबळमानाने ठरवून केलेला खून, त्याला इथे दोनच शिक्षा आहेत: मृत्युदंड, नाही तर पॅरोलशिवाय जन्मठेप. जन्मठेप म्हणजे खरोखर मरेपर्यंत. चौदा वर्षांत सुटला वगैरे इथे नाही. खटला दोन तुकड्यांत चालतो. पहिल्यात दोषी की नाही ते ठरतं आणि तिथे बाराही जणांचं एकमत लागतं. मग तीच ज्यूरी पुन्हा बसते आणि शिक्षेची बाजू ऐकते. सरकारी वकील गुन्ह्याला अधिक गंभीर करणाऱ्या गोष्टी मांडतो. इथले वकील त्यांना आद्याक्षरांनी ओळखतात: क्रूरपणे मारलं असेल तर ‘एचएसी’, थंड डोक्याने बेत करून मारलं असेल तर ‘सीसीपी’. बचावाचा वकील आरोपीचं बालपण, आजार, मेंदूची तपासणी असं सगळं काढतो. गंभीर करणारी निदान एक गोष्ट सिद्ध झाली, यावरही बारांचं एकमत लागतं. म्हणजे 2023 च्या कायद्यानंतरही पहिल्या दोन पायऱ्या एकमताच्याच आहेत. सूट आहे ती फक्त शेवटच्या पायरीवर, माणूस जगणार की मरणार या प्रश्नावर.

हे मला आधी वाचताना काहीतरी चुकून छापलंय असं वाटलं होतं. गाडी चोरली का, हे ठरवायला सगळ्यांचं एकमत हवं, आणि जीव घ्यायचा का, हे ठरवायला दोन-तृतीयांश.

या कायद्याच्या मागे पार्कलंड आहे, आणि पार्कलंडबद्दल थंडपणे लिहिता येत नाही. 14 फेब्रुवारी 2018 ला मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये एकोणीस वर्षांच्या माजी विद्यार्थ्याने 17 जणांना गोळ्या घातल्या. चौदा मुलं, तीन शाळेतली माणसं. त्याने 2021 मध्ये गुन्हा कबूल केला, म्हणून ज्यूरीसमोर फक्त शिक्षेचा प्रश्न उरला. ती इमारत तशीच बंद करून ठेवली होती. ऑगस्ट 2022 मध्ये ज्यूरीला आत नेऊन फिरवलं. साडेचार वर्षांपूर्वीचं रक्त, फुटलेल्या काचा, आणि तो व्हॅलेंटाइनचा दिवस असल्यामुळे पडलेल्या गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या. नंतर वार्ताहरांना नेलं, त्यांनी हे लिहिलं. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. त्या आठवड्यात तिच्या शाळेसमोर गाडी थांबवून मी काही वेळ नुसती बसून राहायचे.

13 ऑक्टोबर 2022 ला निकाल वाचला गेला. प्रत्येक मृताच्या नावाचा वेगळा फॉर्म होता. एकेक फॉर्म वाचला जात होता आणि प्रेक्षकांत बसलेल्या आईबापांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत होतं की हे जन्मठेपेकडे चाललंय. नऊ जण मृत्युदंडाच्या बाजूने होते, तीन विरुद्ध. खुन्याची जन्मदाती आई गरोदरपणात दारू पीत होती, त्याचा मेंदू तिथेच बिघडला, हा बचावाचा मुख्य मुद्दा त्या तिघांपैकी निदान कुणालातरी पटला असावा. आईबापांपैकी बहुतेकांचा संताप अनावर झाला. एक बाप म्हणाला ते मी इथे लिहीत नाही, पण ते ऐकून त्याला दोष द्यावा असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही.

गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी तीन महिन्यांत विषय हातात घेतला. जानेवारी 2023 मध्ये शेरीफ मंडळींच्या सभेत ते म्हणाले की एका माणसामुळे सगळं अडून राहावं हे बरोबर नाही, बारापैकी आठ वगैरे पुरेत. ते ‘वगैरे’ मी माझ्या पदरचं घातलेलं नाही. इंग्रजीतही ते तसंच, हात हलवल्यासारखं बोलले होते. आणि एप्रिलमध्ये तेच आठ कायद्यात उतरले, वगैरे गळून.

आठ का? हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. दहा का नाही? राज्याने 2016 मध्ये दहा-दोन करून पाहिलं होतं, अलाबामात ते चालू होतं, तयार नमुना समोर होता. मग एकदा औषधांच्या बाटल्या मोजता मोजता डोक्यात आलं: पार्कलंडची मतं नऊ-तीन होती. दहाची अट ठेवली असती तर त्या खटल्याचा निकाल तोच लागला असता. ज्या निकालाची चीड येऊन नियम बदलायचा, तो निकाल नव्या नियमानेही बदलत नसेल तर बदलायचा कशाला? हा माझा तर्क आहे, कुणी तसं म्हटल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण गंमत अशी की हा नवा कायदा पार्कलंडच्या खुन्याला लागूच होत नाही. त्याची शिक्षा नोव्हेंबर 2022 मध्येच झाली. तो जन्मभर तुरुंगात राहील. नियम त्याच्यामुळे झाला आणि लागू होणार तो त्याच्याशी काडीचा संबंध नसलेल्यांना. अशांना, ज्यांच्या खटल्यात ना कॅमेरे असतील, ना कबुली, ना सतरा साक्षीदार, असेल तर अर्धवट ओळख परेड आणि शिक्षा कमी व्हावी म्हणून तुरुंगातून साक्ष द्यायला आलेला एखादा कैदी.

इथे एक आकडा सांगायलाच हवा. 1973 पासून फ्लोरिडात मृत्युदंड झालेल्या 30 जणांची पुढे निर्दोष म्हणून सुटका झाली आहे. देशात सर्वात जास्त. यातल्या ज्या खटल्यांत ज्यूरीची मतं किती पडली ते कळलंय, त्यातल्या बहुतेकांत ज्यूरीचं एकमत नव्हतं, किंवा ज्यूरीने जन्मठेप सुचवूनही न्यायाधीशाने मृत्युदंड दिला होता. तेव्हा न्यायाधीशाला तसं करता येत असे.

म्हणजे त्या दोन-चार-पाच अडून बसलेल्या लोकांना काहीतरी दिसलं होतं.

मी स्वतः ज्यूरीत बसले ती खुनाच्या खटल्यात नव्हे. फ्लोरिडात मृत्युदंडाच्या खटल्यालाच बारा माणसं असतात. बाकी फौजदारी खटले सहा जणांवर भागवतात. आमचा खटला जनरेटरच्या चोरीचा होता. एका माणसाने दुसऱ्याच्या घरामागून जनरेटर उचलून ट्रकमध्ये घातला होता. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. दुपारी चारला आम्हाला खोलीत पाठवलं. लांबट टेबल, मधोमध टिश्यूंचा खोका, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, आणि कोपऱ्यातल्या मशीनमधली कॉफी पिऊन एकाचं तोंड वाकडं झालेलं. हात वर करून पाहिलं: पाच जण म्हणाले, दोषी, मोठी चोरी. सहावी बाई शाळेच्या बसची निवृत्त ड्रायव्हर होती. ती म्हणाली, “चोरला, हे मला मान्य आहे. पण तो साडेसातशे डॉलरचा होता हे कुठे सिद्ध झालंय?”

इथे साडेसातशेच्या वर गेली की ती मोठी चोरी, फेलनी; खाली असेल तर किरकोळ. फेलनी लागली की मतदानाचा हक्क जातो, नोकरी मिळत नाही, घर भाड्याने मिळत नाही. मालकाने साक्षीत सांगितलं होतं की जनरेटर नऊशेला घेतला. कधी घेतला, हे वकिलाने विचारलं होतं आणि मालक म्हणाला होता, सहा-सात वर्षं झाली असतील. आम्ही पाचांनीही ते ऐकलं होतं. कानावरून गेलं होतं, एवढंच. बाई म्हणाली, न्यायाधीशांनी वाचून दाखवलेल्या सूचना काढा. काढल्या. त्यात लिहिलं होतं की किंमत म्हणजे चोरीच्या वेळची बाजारातली किंमत. मग वाद झाला. टॅको ट्रक चालवणारा एकजण म्हणाला, माझा जुना जनरेटर मी चारशेला विकला. दुसरा म्हणाला, ब्रँडवर आहे. तिसऱ्याला मुलीला डे-केअरमधून घ्यायचं होतं, तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. पावणेसहाला आम्ही किरकोळ चोरीवर सही केली.

त्या दिवशी पाच-एक चाललं असतं तर आम्ही सव्वाचारला घरी गेलो असतो. तिचं म्हणणं आम्ही ऐकलंच नसतं, कारण ऐकायची गरजच नव्हती. मत मोजलं, कमी पडलं, विषय संपला. दुष्ट कुणीच नव्हतं त्या खोलीत. घाई होती.

साताऱ्याला माझे काका असतात. जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. दर रविवारी फोन असतो, आणि पार्कलंडचा निकाल लागला त्या आठवड्यात ते तापलेलेच होते. “अगं, सतरा जीव! फाशी नाही तर काय आरती ओवाळायची त्याची?” इथे फाशी नसते, सुई असते, हे त्यांना मी सांगून थकले. पण आठ-चारचा कायदा झाल्यावर फोन केला, तर एकदम वेगळ्याच सुरात म्हणाले, “टिळकांच्या खटल्यात ज्यूरी किती-कितीने फुटली होती, ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं. ज्यूरीने मला दोषी ठरवलं असलं तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांचं म्हणणं शाळेत पाठ केलेलं. मुंबई हायकोर्टात ती शिला आहे तीही पाहिलेली. पण ज्यूरी म्हणजे कुणीतरी एक गोरा ठोकळा असं डोक्यात होतं. काकांनी सांगितलं ते असं: 22 जुलै 1908, रात्रीची वेळ, नऊ जणांची ज्यूरी. सात युरोपियन, दोन पारशी. सात विरुद्ध दोन. सात म्हणाले दोषी, दोन म्हणाले नाही. न्यायमूर्ती दावर, जे 1897 च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे त्यांचेच वकील होते, त्यांनी बहुमत मान्य केलं आणि सहा वर्षांची शिक्षा दिली. मंडाले. एकमताची अट असती तर?

“असती तर, नसती तर सोडा,” काकाच म्हणाले. “ते दोघं काय म्हणाले त्या खोलीत, हे कुणालाच कळलं नाही, मला त्याचं वाटतं. जज्ज असता तर लिहावं लागलं असतं.”

हे काकांचं खरं आहे, आणि मला वाटतं सगळ्याची गोम इथेच आहे. आपल्याकडे नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ-एकने निर्दोष ठरवलं तेव्हा सत्र न्यायाधीशाला ते पटलं नाही, त्याने कारणं लिहून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि निकाल फिरला. पुढे ज्यूरी गेलीच. आज भारतात खुनासाठी फाशी द्यायची तर न्यायाधीशाला शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यावी लागते, खास कारणं कागदावर लिहावी लागतात, आणि तरीही हायकोर्टाने ती कायम केल्याशिवाय अंमल होत नाही. एकमत तिथेही नाही. फाशी घटनेला धरून आहे असं ठरवणारं सुप्रीम कोर्टाचं बच्चन सिंग निकालपत्रच 1980 मध्ये चार-एकने झालं. तेव्हा आपलं सगळं छान आणि यांचं वाईट असं म्हणण्यात अर्थ नाही. पण तिथे जो एक वेगळा पडतो त्याचं मत छापून येतं. न्यायमूर्ती भगवतींचं ते वेगळं मत आजही वकील वाचतात, पुढच्या खटल्यात वापरतात.

ज्यूरी कारण देत नाही. कधीच नाही. फॉर्मवर खूण करते, सही करते आणि घरी जाते. मग तिने नीट विचार केला की नाही, हे बाहेरच्याला कळायचं कसं? एकच खूण उरते: बाराही जण, वेगवेगळ्या मोहल्ल्यांतले, वेगवेगळ्या रंगांचे, एकाच ठिकाणी येऊन थांबले. तेवढाच त्यांचा कागद. तो काढून घेतला की उरतात आठ न लिहिलेली कारणं आणि चार न ऐकलेली. न्यायाधीश नंतर आदेश लिहितो, आठांनी मृत्यू सुचवला तरी तो जन्मठेप देऊ शकतो, हे कायद्यात आहे. पण त्या चौघांना काय खटकलं होतं हे त्यालाही कुणी सांगत नाही.

उलट बाजूचा मुद्दा मी टाळत नाही. एकमताच्या अटीत एखादा असा माणूस घुसू शकतो ज्याने शपथेवर सांगितलं की मी मृत्युदंड देऊ शकतो, आणि मनात ठरवूनच आला होता की देणार नाही. कायदा मांडणाऱ्यांचा सगळा भर यावर होता. हे होत असेलही. पण निवडीच्या वेळी चाळणी लावलेलीच असते. मृत्युदंडाला तत्त्वतः विरोध असणारा आणि तो विरोध बाजूला ठेवू न शकणारा माणूस मृत्युदंडाच्या खटल्यात बसूच शकत नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दशकांपूर्वी मान्य केलंय. म्हणजे चाळून चाळून, जे मारायला तयार आहेत असेच बारा घ्यायचे. आणि त्यातूनही चौघे नको म्हणाले तर ते मोजायचे नाहीत.

या आकड्यांच्या खेळात माणसांचं काय होतं ते टिमथी हर्स्टच्या खटल्यात दिसतं. पेन्साकोलात 1998 मध्ये एका रेस्टॉरंटमधल्या सहकारी बाईचा खून. पहिल्या ज्यूरीने अकरा-एकने मृत्युदंड सुचवला. ती शिक्षा रद्द होऊन 2012 मध्ये दुसरी ज्यूरी बसली, तिने सात-पाचने सुचवला. ते प्रकरण वॉशिंग्टनला गेलं आणि जानेवारी 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने फ्लोरिडाची सबंध पद्धतच घटनाबाह्य ठरवली, कारण शिक्षेला आधार देणारी तथ्यं ज्यूरीऐवजी न्यायाधीश ठरवत होता. हर्स्टला 2020 मध्ये जन्मठेप झाली. तोच माणूस, तोच खून, तोच मृतदेह.

मग प्रश्न आला की जुन्या शिक्षांचं काय. फ्लोरिडाच्या कोर्टाने एक तारीख आखली: 24 जून 2002. त्या दिवशी अ‍ॅरिझोनाच्या एका खटल्यात हे तत्त्व पहिल्यांदा सांगितलं गेलं होतं. ज्यांचं अपील त्यानंतर संपलं त्यांना नव्याने सुनावणी. ज्यांचं आधी संपलं त्यांना काही नाही. दोघांना सारखीच सात-पाच मतं पडलेली असोत. एकाचं अपील त्या वर्षी वसंतात निकाली निघालं आणि दुसऱ्याचं कारकुनाकडे पडून राहिल्यामुळे पावसाळ्यात, तर पहिला मरणार आणि दुसरा पुन्हा ज्यूरीसमोर. आणि ज्यांच्या नव्या सुनावण्या 2023 पर्यंत रखडल्या, त्यांच्या वाट्याला पुन्हा आठ-चार. मध्ये 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमत हवंच हा आपलाच आधीचा निकाल मागे घेतला होता. न्यायमूर्ती बदलले होते.

काकांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्याकडे तारखेवर तारीख असते. पण अशी तारीख मी नाही पाहिली.”

2025 मध्ये फ्लोरिडाने एका वर्षात मृत्युदंड अमलात आणण्याचा स्वतःचा जुना विक्रम मोडला. त्यातले बहुतेक जुन्या नियमांखाली शिक्षा झालेले. आठ-चारचे अजून रांगेत मागे आहेत.

मला मृत्युदंडाच्या खटल्यात बोलावलं तर विचारतील की तुम्ही कधीतरी मृत्यूच्या बाजूने मत देऊ शकाल का. मी याचा विचार करून ठेवलाय. खोटं बोलणार नाही. सांगेन की ती इमारत आतून पाहिली असती तर कदाचित दिलं असतं, आणि माझ्याबरोबरच्या एकालाही पटत नसेल तर त्याचं ऐकून घेतल्याशिवाय मी सही करणार नाही, कायद्याने आठ पुरत असले तरी. असल्या खटल्यात कारण न देता माणसं वगळण्याची संधी दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा मिळते. सरकारी वकील त्यातली एक माझ्यावर खर्च करेल, असा माझा अंदाज आहे.